सॉरी म्हणायला आम्हांला जमले नाही

मधल्या सुट्टीत दोन मुले भांडली की आम्ही दोघांना समोर उभे करतो आणि "चल, सॉरी म्हण" असे सांगतो. एक म्हणतो, दुसरा मान हलवतो आणि दोघे परत मैदानावर पळतात. काही वर्षांपूर्वी पाळी आमच्यावर आली तेव्हा मात्र आम्हांला ते जमले नाही.

झोपाळ्याची साखळी कडीतून निसटली आणि चौथीतल्या एका मुलाचा हात मोडला. कडी झिजल्याचे शिपायाने आठवडाभर आधीच सांगितले होते. "दिवाळीच्या सुट्टीत बदलू," असे आम्हीच म्हटले होते. संध्याकाळी त्यांच्या घरी निघालो तर मंडळातल्या वकीलसाहेबांचा फोन आला. "अवश्य जा, पण माफी मागू नका. उद्या नुकसानभरपाईचा दावा झाला तर तीच तुमची कबुली ठरेल."

आम्ही गेलो. प्लास्टरचा खर्च शाळा देईल म्हणालो, सफरचंदे ठेवली, चहा घेतला. "फार वाईट झाले," एवढेच बोललो. नवीन सत्राआधी त्यांनी मुलाचा दाखला नेला. वडील म्हणाले, "सर, पैशाचं काही नव्हतं. कडीचं तुम्हाला माहीत होतं, हे आम्हाला शिपायाकडून कळलं."

वकीलसाहेबांचे म्हणणे कितपत खरे, हे आम्ही त्यानंतर समजून घेतले. चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. दिवाणी दाव्यात न्यायालय मुख्यतः पाहते की काळजी घेणे शाळेचे कर्तव्य होते का, त्यात कसूर झाली का आणि इजा त्या कसुरीमुळेच झाली का. माफीचे शब्द कबुली म्हणून पुढे येऊ शकतात. पण कबुली हा निर्णायक पुरावा नाही, असे १८७२चा पुरावा कायदा सांगत होता आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेला भारतीय साक्ष्य अधिनियमही तेच सांगतो. आणि आमच्या बाबतीत झिजलेली कडी व शिपायाचे तोंड हे पुरावे आम्ही गप्प राहिल्याने कुठे जाणार होते?

या भीतीवर काही देशांनी कायदाच केला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ साली ठरवले की अपघातानंतर दाखवलेली सहानुभूती जबाबदारीची कबुली म्हणून वापरता येणार नाही. कॅलिफोर्नियातही सहानुभूतीला संरक्षण आहे, पण "चूक माझी" म्हटले तर नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली त्यालाही संरक्षण दिले. हाँगकाँगचा असा कायदा १ डिसेंबर २०१७ला लागू झाला. माफीने भरपाई माफ होते असे मात्र यांपैकी कुठेही नाही. दुसऱ्या पुराव्याने कसूर सिद्ध झाली तर पैसे द्यावेच लागतात. भारतात असा वेगळा कायदा नाही.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. गाडी उशिरा आली की रेल्वेला 'खेद' होतो, ती 'क्षमा' मागत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलो. मराठीतही दिलगिरी वेगळी, माफी वेगळी. त्या संध्याकाळी आम्ही दिलगिरीवर भागवले.

गेल्या महिन्यात विश्वस्त मंडळापुढे हा विषय मांडला. अपघाताच्या रजिस्टरात एक रकाना वाढवला आहे: पालकांना कोणी, केव्हा आणि काय सांगितले. विम्याच्या कागदात कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल करू नये अशी अट असते, म्हणून लेखी काही देण्याआधी आपल्याला दाखवावे, असे वकीलसाहेबांनी सुचवले. ते रास्त आहे. दाखवू.

मग आम्ही त्या घरी गेलो. मुलगा आता कॉलेजात आहे, घरी नव्हता. "कडी वेळेवर बदलली नाही, चूक आमची होती. माफ करा," असे म्हणालो. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. वहिनींनी विचारले, "झोपाळा अजून आहे का हो?"

"आहे."

"मग कड्या कोण बघतं आता?"

दर सोमवारी प्रार्थनेआधी आम्ही स्वतः बघतो, असे सांगितले.