उचलीतून भरलेला दंड

धाराशिवच्या फौजदारी कोर्टात निकालाच्या दिवशी माझा पक्षकार बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो, "साहेब, दंड किती बसंल?" कैद टळली, नुसता दंड झाला, की आसपासचे सगळे म्हणतात, सुटलास. कळंब, वाशी, भूमकडच्या ऊसतोड मजुराची सुटका मात्र तिथं होत नाही. दंडाचे पैसे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून येतात आणि येत्या हंगामाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीत, धरले जातात. उचल एकट्याची नसते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. खटला ज्या बांधावरच्या मारामारीचा, तीत बायको नव्हतीच, तरी ते पैसे फिटेपर्यंत फडात मोळ्या तीही बांधते. शिक्षा एकाला सुनावली जाते, भोगतात दोघं.

साध्या दुखापतीला जुन्या दंडसंहितेत कमाल दंड एक हजार रुपये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो दहा हजार झाला. महागाई पाहता आकडा वाढणं मी समजू शकतो. पण आकडा दहापट वाढवताना आरोपीची ऐपत विचारण्याची सक्ती मात्र घातली गेली नाही. दंड न भरल्यास कैद ठरलेलीच.

अशा किरकोळ, पहिल्याच गुन्ह्यांसाठी १९५८ चा अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम आहे. कलम ४ प्रमाणे कोर्ट तूर्त शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी सोडू शकतं. शिक्षाच नाही म्हटल्यावर दंडही नाही. मात्र कलम ५ खाली जखमीला नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च देण्याचा हुकूम होऊ शकतो, आणि ती रक्कम दंडासारखीच वसूल होते. बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडली तर कलम ९ मध्ये पन्नास रुपयांपर्यंत दंड आहे. तो मुदतीत भरला नाही, तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं.

भरपाई नको असं मी म्हणत नाही. १९८८ च्या हरी सिंग विरुद्ध सुखबीर सिंग खटल्यात आरोपी प्रोबेशनवर सुटले होते, आणि मार खाल्लेल्या माणसाची वाचा कायमची अधू झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई वाढवून पन्नास हजार केली, ते योग्यच झालं. त्याच निकालात हेही सांगितलं, की रक्कम ठरवताना देणाऱ्याची ऐपत पाहावी आणि गरज असेल तर हप्ते द्यावेत. हा अर्धा भाग आमच्याकडे युक्तिवादात क्वचितच येतो. त्याचा दोष आधी आम्हा वकिलांच्या घाईला आहे.

प्रोबेशनवरच्या ऊसतोड्याची दुसरी अडचण स्थलांतराची. राहण्याच्या ठिकाणाची अट घातलेली असते, आणि दिवाळीच्या सुमारास गाडी सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकाकडे निघते. गेला तर अट मोडते, राहिला तर उचल अंगावर राहते आणि भरपाईला पैसाही नाही. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ८ खाली प्रोबेशन अधिकाऱ्याच्या अर्जावर अटी बदलता येतात. म्हणून गाडी निघण्याआधीच अधिकाऱ्याला गाठावं, कारखान्याचं नाव, फडाचा पत्ता, मुकादमाचा फोन लिहून द्यावा, असं मी प्रत्येक पक्षकाराला बजावतो.

केंद्र सरकारच्या २०२३ च्या योजनेत गरीब कैद्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत मिळते. एवढ्या रकमेचा निर्णय जिल्हा पातळीवरची समिती घेते. योजना चांगली आहे, पण ती तुरुंगात पोचलेल्यासाठी आहे. तुरुंग टळावा म्हणून मुकादमापुढे हात पसरणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

त्याच्यासाठी फौजदारी प्रक्रियेच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६४ आहे. नुसता दंड झाला असेल, तर कोर्ट तीस दिवसांची मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. बंधपत्र जामीनदाराशिवायही चालतं. हा अर्ज निकालाच्याच दिवशी तयार हवा, रेशनकार्डाच्या झेरॉक्ससह. तरीही हप्त्यांमध्ये तीस दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. जूनमध्ये निकाल लागला तर शेवटचा हप्ता फार तर सप्टेंबरापर्यंत लांबतो, आणि तोवर हातात उचलीशिवाय दुसरा पैसा नसतो. हे अंतर ठरवण्याची मोकळीक न्यायाधीशांना द्यावी, हप्ते हंगामाच्या हिशेबावर, एप्रिल-मेपर्यंत नेता यावेत, एवढी दुरुस्ती या कलमात व्हायला हवी.