आत्याची खिडकी

मुलांनो, मुंबईला गेला असाल तर गेटवे ऑफ इंडिया तुम्ही नक्कीच पाहिलं असेल. कबुतरं उडवली असतील, फोटो काढला असेल आणि समोरच्या ताजमहाल हॉटेलाकडे मान वर करून बघितलंही असेल. पण ताजच्या मागे काय आहे, सांगा बरं! नाही ना येत? मला येतं. ताजच्या मागच्या गल्ल्यांत घरं आहेत. जुन्या इमारती, लाकडी जिने, वाळत घातलेले कपडे आणि दूधवाल्याची सायकल. त्यातल्याच एका इमारतीत, तळमजल्यावर, मागच्या अंगाला माझ्या आत्याची खोली आहे.

आत्याचे यजमान त्या इमारतीत लिफ्टमन होते. खोली एवढीशी. पण तिला एक खिडकी होती आणि त्या खिडकीतून, दोन भिंतींच्या फटीतून, समुद्राचा एक उभा तुकडा दिसायचा. दाराच्या फटीएवढाच! लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायची, तेव्हा आम्ही भावंडं त्या फटीतून जाणाऱ्या लाँच मोजायचो. एक लाँच आली की दोन श्वासांत नाहीशी व्हायची. कोण आधी ओरडतो यावरून भांडणं व्हायची ती वेगळीच.

आम्ही मूळचे अलिबागकडचे. मांडव्याहून लाँच पकडली की तासाभरात गेटवे. पण खरी मजा (मोठ्यांसाठी खरी भीती!) उतरताना असते. लाँच एकीला एक लागून उभ्या राहतात. मग एका लाँचमधून दुसरीत, दुसरीतून पायरीवर. ओहोटी असली की खालच्या पायऱ्यांवर शेवाळ. खलाशी हात धरतात, ओढून घेतात. आम्हा पोरांना तो खेळ वाटायचा. आता माझ्या बाबांना तो खेळ वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांवर मुंबईच्या दवाखान्यात इलाज चालू आहे. पायरी नीट दिसत नाही, गुडघे वाकत नाहीत, आणि पाण्यावर हलणाऱ्या लाँचमधून पाय उचलताना ते माझा दंड इतका घट्ट धरतात, की घरी आल्यावर वळ दिसतात.

म्हणून जेव्हा ऐकलं, की गेटवेपासून सुमारे २८० मीटरवर, रेडिओ क्लबजवळ, नवी मोठी प्रवासी जेट्टी होणार, तेव्हा मला आनंदच झाला. खर्च २२९ कोटी रुपये. बसायला जागा, तिकीटघर, सुमारे दीडशे गाड्या उभ्या करायची सोय. वरून पाहिलं तर आकार टेनिसच्या रॅकेटसारखा! मी लगेच आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, बाबांचं काम सोपं झालं गं!"

पलीकडून आवाज नाही.

मग ती हळूच म्हणाली, "आमच्या रस्त्याच्या तोंडाशीच आहे ती. इथं आत्ताच गाड्यांना वळायला जागा नाही. त्यात म्हणे गोल पायऱ्यांचं उघडं नाट्यगृह करणार. गाणी-बजावणी झाली तर झोपायचं कधी?"

मी काय बोलले ते सांगायला आज लाज वाटते. मी म्हटलं, "तुम्हा मुंबईवाल्यांना सगळं लागतं, फक्त दाराशी नको!" आत्याने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पुढचे पंधरा दिवस तिचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

आता थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ या. गावातली किंवा शहरातली जागा कशासाठी वापरायची, हे कुणी ठरवायचं? आपल्या अलिबागकडे हे लहान मुलांनाही माहीत असतं. "एन.ए. झालं का?" हे वाक्य चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं. म्हणजे शेतीची जमीन बिनशेती झाली का? झाली, की तिथं बंगला, हॉटेल, काय वाटेल ते. शहरात यासाठी मोठा नकाशा असतो. त्याला विकास आराखडा म्हणतात. राहण्याची घरं पिवळ्या रंगात, दुकानं-कचेऱ्या निळ्यात, बागा-मैदानं हिरव्यात. मुंबईचा सध्याचा आराखडा २०३४ सालापर्यंतचा आहे, तो २०१८ मध्ये मंजूर झाला. आणि बरं का, हा रंग कुणी आपल्या मर्जीने खोडून दुसरा भरू शकत नाही. १९६६ सालचा नगररचनेचा कायदा आहे. रंग बदलायचा असेल तर आधी राजपत्रात सूचना छापावी लागते आणि लोकांना हरकती व सूचना पाठवायला एक महिना द्यावा लागतो. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना नोटीस द्यावी लागते. मग सरकार ठरवतं. वर्तमानपत्रात मागच्या पानांवर बारीक अक्षरांत ज्या कंटाळवाण्या जाहिराती असतात ना, त्यांतल्या काही याच असतात. मीसुद्धा आत्तापर्यंत त्यावर भाजी निवडत होते.

जुन्या वास्तूंसाठी आणखी एक कुंपण आहे. ते का लागलं, हे ताजच सांगतं. जमशेटजी टाटांनी बांधलेलं हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. गेटवे तेव्हा नव्हतंच! ते १९२४ मध्ये पुरं झालं. म्हणजे समुद्रातून येणाऱ्यांना वीस वर्षं पहिल्यांदा ताज दिसायचं. त्याचे पहिले शिल्पकार सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. एक मराठी नाव आहे बघा त्यात. ताजच्या शेजारी ग्रीन्स नावाचं दुसरं जुनं हॉटेल होतं. ते पाडून तिथं १९७३ मध्ये उंच मनोरा उभा राहिला. आज गेटवेसमोर उभं राहिलं की घुमटवाला म्हातारा आणि बाजूला हा उंच तरुण, असे दोघे दिसतात. त्या वेळी जुन्या इमारती जपण्याचा नियमच मुंबईत नव्हता. तो आला १९९५ मध्ये, देशात पहिल्यांदाच. तेव्हापासून जुन्या वास्तूच्या आसपास काही करायचं तर वारसा समितीचं मत घ्यावं लागतं.

पण मुलांनो, ही जेट्टी होणार समुद्रात. पाण्याला पिवळा-निळा रंग नसतो! तिथं नियम वेगळे, किनाऱ्याचे. परवानग्या घेतल्या होत्या, वारसा समितीची, वाहतूक पोलिसांची, किनारा खात्याची. तरी आत्याच्या शेजाऱ्यांचं म्हणणं होतं, की आमच्या दारातली जागा बदलणार आणि आम्हाला कुणी विचारलंच नाही. ते कोर्टात गेले.

जुलै २०२५. पाऊस धो धो कोसळत होता. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात, तेव्हा आमच्याकडे मुंबई एकदम लांब जाते. आमची शाळा द्विशिक्षकी. त्या दिवशी मैदानात तळं झालेलं, म्हणून चारही इयत्ता एका खोलीत बसवल्या होत्या. आता करायचं काय? मी जमिनीवर खडूने किनारा काढला. माझी निळी ओढणी झाली समुद्र. डस्टर म्हणजे गेटवे, खडूची पेटी म्हणजे ताज, आणि मागे ओळीने कंपासपेट्या ठेवल्या, ती घरं. खेळाच्या पेटीतून बॅडमिंटनची एक रॅकेट आणली आणि तिचा दांडा किनाऱ्याला लावून ती ओढणीवर ठेवली. "ही जेट्टी. आता तुम्ही कोण कोण होणार?"

प्रवासी व्हायला सगळे तयार. हॉटेल व्हायलाही दोघं-तिघं पुढे आले. घर मात्र कुणालाच व्हायचं नव्हतं. शेवटी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मी होते. घरात काहीच करावं लागत नाही, नुसतं बसायचं." सगळे हसले.

खरा रंग पुढेच भरला. प्रवासी झालेला मुलगा म्हणाला, "माझी आजी लाँचमधून उतरताना थरथरते. जेट्टी पाहिजेच." ती मुलगी कंपासपेटीवर हात ठेवून म्हणाली, "तुझी आजी महिन्यातून एकदा उतरणार. तुझ्या गाड्या माझ्या दारात रोज उभ्या राहणार." तो म्हणाला, "मग तू घर बदल." ती म्हणाली, "तू आजी बदल!"

मी हसले नाही. माझे शब्द ऐकू आले मला. फोनवरचे.

हॉटेल झालेला मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याला विचारलं तर म्हणतो, "बाई, माझ्याकडे तर सगळेच येणार, मला काय!" फार खरं बोलला तो. जागेचा वापर बदलला की कुणाचं वाढतं, कुणाचं घटतं, आणि ज्याचं घटतं तो बहुधा नुसता बसलेला असतो.

मग मी फळ्यावर लिहिलं, 'जेट्टी होऊ द्यायची. पण...' आणि खडू त्यांच्या हाती दिला. अटींचा पाऊस पडला! रात्री आठनंतर गाणी नाहीत. घरापुढे गाडी लावायची नाही. रद्दी आणि बाटल्या समुद्रात टाकायच्या नाहीत. ताजच्या पुढे ताजपेक्षा उंच काही बांधायचं नाही. भोंगा वाजवला तर तिथंच दहा उठाबशा. (या अटीला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.) एका कोळ्याच्या मुलाने लिहिलं, 'खांब रोवताना मासळीचा हंगाम सोडून रोवा.' हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

सगळं झाल्यावर घर झालेल्या मुलीने विचारलं, "बाई, अट मोडली तर मी कुणाला सांगायचं?"

डी.एड.ला याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "लिहून ठेवायचं. अट कुठे लिहिली आहे तो कागद जपायचा. मग महापालिकेकडे, नाहीतर कोर्टात दाखवायचा." तिचं समाधान झालं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझंही कुठे झालं होतं?

आणि गंमत बघा. निकाल लागला होता, १५ जुलैला. मुंबई उच्च न्यायालयाने जेट्टीला परवानगी दिली, पण अटी घालून! त्या गोल पायऱ्यांवर फक्त लाँचची वाट बघणाऱ्यांनी बसायचं, तिथं करमणुकीचे कार्यक्रम करायचे नाहीत. खाण्याच्या जागी जेवणावळी नाहीत, प्रवाशांसाठी फक्त पाणी आणि बंद पाकिटातले पदार्थ. आणि नवी जेट्टी सुरू झाली की गेटवेजवळचे जुने चार धक्के टप्प्याटप्प्याने बंद करायचे. पुढे त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हात घातला नाही. आमच्या फळ्यावरची पहिली अट आणि न्यायमूर्तींची पहिली अट जवळजवळ एकच निघाली म्हणून पोरं दोन दिवस नाचत होती. उठाबशांची अट मात्र कोर्टाला सुचली नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांचं काय, हा आत्याचा प्रश्न अटींनी सुटला असं मला वाटत नाही. दीडशे गाड्यांची सोय म्हणजे दीडशे गाड्यांना बोलावणंही असतं. आणि शेजाऱ्यांना आधी विचारलं असतं, तर अटी लिहून घ्यायला कोर्टापर्यंत जावं लागलं असतं का, हेही मला अजून कळलेलं नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "मला पायरी सरळ पाहिजे. ताईला झोप पाहिजे. दोन्ही मागणाऱ्यांनी एका ठिकाणी बसायला काय हरकत होती?"

पाऊस सरला, लाँच सुरू झाल्या. दिवाळीच्या सुट्टीत बाबांना डोळे दाखवायला नेलं आणि तिथून थेट आत्याकडे गेलो. मी आदल्या रात्री मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. दार उघडल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवेना. आत्याने बाबांचा हात धरून त्यांना पलंगावर बसवलं आणि मला म्हणाली, "वळ उठले असतील ना दंडावर? दाखव."

चहा झाल्यावर मी पिशवीतून निकालाच्या बातमीचं कात्रण काढलं. अटींखाली लाल पेनाने रेघा मारल्या होत्या, मुलांच्या वह्या तपासतात तशा. सोबत आमच्या फळ्यावरच्या अटी एका मुलीने सुवाच्य अक्षरात उतरवलेला कागद. आत्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. उठाबशांशी आल्यावर ती खुदकन हसली.

"हे कोर्टाचं, कागदावर आहे ना नक्की?" तिने विचारलं.

"आहे."

तिने दोन्ही कागद घेतले, ट्रंक उघडली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत नीट घडी करून ठेवले. तेवढ्यात खिडकीच्या फटीतून एक लाँच गेली. बाबांना ती दिसली नाही. पण आवाजावरून त्यांनी ओळखली आणि माझ्या आधी ओरडले, "एक!"