एकाच बाकावरचे सैनिक

चीनच्या दक्षिण टोकाला ग्वांगझोऊ नावाचे अफाट शहर आहे. आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकातले कँटन ते हेच. आमचा थोरला मुलगा तिथे एका व्यापारी कंपनीत नोकरीला आहे. त्याच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा त्याने बाजार दाखवला, उंच मनोरा दाखवला, नदीवरची रोषणाई दाखवली. ते सर्व छानच होते. पण मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते, की बाबा रे, मला ती ह्वांगपूची लष्करी शाळा दाखव. इंग्रजी पुस्तकांत तिला व्हाम्पोआ म्हणतात. माझे सारे आयुष्य दारूगोळा कारखान्यात गेले. बंदूक कशी बनते ते मला ठाऊक आहे. ती कोणाच्या हातात द्यायची आणि त्याला आधी काय शिकवायचे, हा प्रश्न मात्र आमच्या खात्यात येत नव्हता. या शाळेने तोच प्रश्न हाती घेतला होता, असे वाचले होते.

शाळा शहरापासून दूर, पर्ल नदीतल्या चांगझोऊ बेटावर आहे. आम्ही यूझूच्या धक्क्यावरून फेरीबोटीने गेलो. एकेकाळी कँटनशी व्यापार करणाऱ्या परदेशी जहाजांना याच टापूत नांगर टाकावा लागे. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन पारशी व्यापारी येत, ते इथेच. त्यांच्यातले जे परत गेले नाहीत त्यांची एक छोटी स्मशानभूमी या बेटावरच्या टेकडीवर आहे. तिथे आम्हांला जाता आले नाही. पण मुंबईतल्या कित्येक मोठ्या वाड्यांचा पाया या चिखलाच्या नदीत आहे, हे बोटीत बसल्याबसल्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

बेटावर उतरून थोडे चालले की पांढरी कमान दिसते. वर चिनी अक्षरांत 'भूदल अधिकारी विद्यालय' अशी पाटी आहे. ही अक्षरे तान यानकाई या नेत्याच्या हातची. प्रवेशाला पैसे नाहीत. त्या काळी दारावर दोन ओळी लावलेल्या असत. ज्याला बढती आणि पैसा हवा त्याने दुसरीकडे जावे, ज्याला मरणाची भीती वाटते त्याने या दारातून आत येऊ नये, असा त्यांचा आशय.

आत दुमजली इमारत, मध्ये चौक, चहूबाजूंनी लांब पडव्या. ही मूळची वास्तू नव्हे. मूळ शाळा १९३८ साली जपानी विमानांनी बॉम्ब टाकून पाडली. आज दिसते ती १९९६ साली जुन्या जागेवर जुन्या मापाने पुन्हा बांधलेली. संग्रहालय मात्र १९८४ पासून आहे. मुलांच्या झोपण्याच्या खोलीत लाकडी खाटांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येकीवर घडी घालून ठेवलेले पांघरूण. आमच्या सौ. तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. "एवढी घडी आपल्या तिघांपैकी एकाने तरी कधी घातली का?" त्यांनी मुलाकडे बघत विचारले. तो पुढच्या खोलीत निघून गेला.

शाळा का काढावी लागली, ते थोडक्यात सांगतो. १९११ च्या क्रांतीने चीनचे राजघराणे गेले. पण राज्य लोकांच्या हाती आले नाही, ते प्रांतोप्रांतीच्या लष्करशहांनी वाटून घेतले. डॉ. सन यत सेन यांच्याजवळ विचार होता, पक्ष होता, स्वतःचे सैन्य नव्हते. ते या किंवा त्या लष्करशहाच्या फौजेवर विसंबून राहत, आणि तो उलटला की पळावे लागे. १९२२ च्या जूनमध्ये त्यांचाच सेनापती चेन जियोंगमिंग उलटला आणि डॉक्टरांना जीव वाचवून युद्धनौकेचा आसरा घ्यावा लागला. मग त्यांनी रशियाची मदत घेऊन स्वतःची शाळा काढली. १६ जून १९२४ रोजी उद्‌घाटन झाले. चँग कै-शेक प्राचार्य झाले. पक्षाचे प्रतिनिधी म्हणून लियाओ झोंगकाई होते.

आता माझ्या खात्याची गोष्ट. डॉ. सन यांनी शाळेसाठी तीनशे बंदुका मंजूर केल्या होत्या. कारखान्याने दिल्या तीस! पहाऱ्यावरच्या शिपायांना पुरतील, एवढ्याच. बाकी कारखान्याचा माल लष्करशहांच्या वाटेला. अधिकारी घडवणारी शाळा, सहाशेहून अधिक विद्यार्थी, आणि तीस बंदुका. काचेच्या पेटीतल्या जुन्या रायफली बघताना माझ्या डोक्यात हाच हिशोब घोळत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'वोरोव्स्की' हे रशियन जहाज आठ हजार रायफली घेऊन आले, तेव्हा कुठे मुलांच्या खांद्याला वजन लागले. पैशांचीही तीच ओढाताण. लियाओ रोज कोणा ना कोणा लष्करशहाच्या दारात जाऊन बसत. तो अफू ओढून होईपर्यंत थांबत आणि सही घेऊन येत, तेव्हा मुलांच्या जेवणाची सोय होई. या माणसाला १९२५ च्या ऑगस्टमध्ये भर दिवसा गोळ्या घातल्या गेल्या. संग्रहालयात प्राचार्यांपुढे जास्त गर्दी असते. माझे मत विचाराल तर या शाळेचा पाया लियाओंनी घातला.

बंदुका नव्हत्या तेव्हा मुलांना काय शिकवत होते? कवायत तर होतीच. पण त्याबरोबर आपण कोणासाठी लढायचे, शेतकरी का नागवला जातो, परक्यांच्या हाती बंदरे का गेली, हेही तास होते. चीनमध्ये जुनी म्हण आहे, की चांगल्या लोखंडाचे खिळे करत नाहीत आणि चांगल्या माणसाला शिपाई करत नाहीत. आपल्या वस्तीत पलटणीच्या माणसाला केवढा मान! त्यांच्याकडे उलट. शिपाई आला की गावकरी कोंबड्या लपवायचे, कारण लष्करशहाचा शिपाई लुटूनच खायचा. लोकांनी ज्याच्यापासून पळू नये असा शिपाई घडवायचा, तर त्याच्या डोक्यात आधी काहीतरी घालावे लागणार. १९२४ च्या अखेरीस या राजकीय विभागाचा प्रमुख झाला एक सव्वीस वर्षांचा तरुण, चौ एन-लाय. पुढे तोच चीनचा पंतप्रधान झाला.

शिस्त मात्र अंगावर काटा आणणारी. तुकडी मागे हटली आणि तिचा नायक पुढे उभा राहून मेला, तर त्याच्या हाताखालच्या नायकांना गोळी घालायची, असा नियम चँगनी १९२५ मध्ये केला. तो वाचून मला काही भरून आले नाही.

वरच्या दालनात तसबिरी आहेत. साम्यवादी पक्षाचे सेनानी आणि चँगच्या राष्ट्रवादी पक्षाचे सेनानी, दोघेही. मी इथेच सर्वांत जास्त वेळ थांबलो. कारण १९२७ च्या एप्रिलमध्ये चँगनी साम्यवाद्यांवर हत्यार उपसले. शांघायनंतर तीनच दिवसांत कँटनमध्ये धरपकड झाली आणि या शाळेतलेही शिक्षक आणि विद्यार्थी पकडून मारले गेले. ज्या मुलांनी त्या खाटांवर शेजारी शेजारी घड्या घातल्या, ती पुढची बावीस वर्षे एकमेकांवर तोफा डागत राहिली.

चेन गेंग पहिल्या वर्गातला. १९२५ मध्ये लढाईत चँगची तुकडी उधळली, तेव्हा या पोराने आपल्या प्राचार्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढले. तो साम्यवादी होता. १९३३ साली शांघायमध्ये पकडला गेला. चँगनी त्याला भेटीला बोलावून वळवून पाहिले. तो वळला नाही, आणि पुढे कैदेतून निसटला. त्याच पहिल्या वर्गातला हुआंग वेई चँगकडे राहिला. १९४८ च्या हिवाळ्यात हुआंगच्या फौजेला ज्यांनी वेढले त्यांत चेन गेंगची फौज होती. हुआंग पकडला गेला आणि सव्वीस वर्षे कैदेत राहून १९७५ मध्ये सुटला. तिसरा दू युमिंग, तोही त्याच वर्गातला. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना त्याच्या फौजेची जंगलात वाताहत झाली. त्या चिनी सैन्यातले कित्येक जण आपल्या देशात आले आणि बिहारमध्ये रामगडला त्यांना नव्याने शिकवले गेले. दूसुद्धा १९४९ मध्ये वर्गबंधूंच्या बाजूच्या हाती सापडला.

शाळाही दुभंगली. चँगनी तिला आधी नानजिंगला नेले, १९५० पासून ती तैवानात फेंगशान येथे चालू आहे. २०२४ साली शंभरी भरली, ती चीनने साजरी केली आणि तैवाननेही.

या शाळेच्या वूहान शाखेत १९२७ मध्ये मुलींनाही घेतले होते, सुमारे दोनशे. सैन्यात नाव घालण्यासाठी कित्येकींनी घर सोडले, ठरलेले लग्न मोडले. त्यांतली झाओ यीमान पुढे जपान्यांच्या हाती लागली. १९३६ साली तिला गोळी घातली, त्याआधी तिने आपल्या लहान मुलाला पत्र लिहून ठेवले. आमच्या सूनबाईने हे सांगितले, तेव्हा सौ.नी तसबिरींकडे पुन्हा एकदा नीट पाहिले.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने याच कँटन शहरात आले होते. बरोबर चार डॉक्टर, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर. शहरावर बॉम्ब पडत होते. स्वागताला डॉ. सन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग आल्या. महिनाभरात शहर जपान्यांनी घेतले. कोटणीस पुढे उत्तरेला गेले आणि ज्या सेनापतीच्या मुलखात त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, ते न्ये रोंगझेन ह्वांगपूच्याच शाळेत शिक्षक होते. कोटणीसांच्या मुलाचे नाव न्ये यांनीच ठेवले, यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. मूल अगदी लहान असताना, डिसेंबर १९४२ मध्ये कोटणीस गेले. वय बत्तीस.

शाळेजवळच्या टेकडीवर डॉ. सन यांचा पुतळा आहे. तो त्यांच्या एका जपानी मित्राने, उमेया शोकिची यांनी दिलेला. १९३० साली जपानहून पुतळा आला आणि आठ वर्षांनी जपानहून विमाने आली.

शेवटी आम्ही नदीकाठच्या कबरस्तानात गेलो. १९२५ मध्ये पूर्वेकडच्या लष्करशहावर शाळेच्या पोरांनी दोन स्वाऱ्या केल्या, त्यांत मेलेले पाचशेहून अधिक जण इथे आहेत. १९२६ मध्ये हे बांधले. कोणाचे शिक्षण जेमतेम सहा महिन्यांचे झालेले. सौ. दगडी पायऱ्यांवर टेकल्या आणि त्यांनी मुलाला विचारले, "हे कोणत्या बाजूचे रे?"

मुलगा म्हणाला, "आई, तेव्हा बाजू पडल्याच नव्हत्या."