कारागिराचं नाव

फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने आपल्या खिशातल्या पिस्तुलाचं पेटंट कधी घेतलं नाही. नाव मात्र तो प्रत्येक पिस्तुलावर ठोकत असे. अशा पिस्तुलाचं छायाचित्र समोर आलं की माझी नजर आधी त्या अक्षरांवर जाते. अक्रोडाचा दस्ता पाखराच्या डोक्यासारखा खाली वळलेला, आखूड नळी, बाजूला घोडा, आणि त्याखालच्या पोलादी पट्टीवर 'डेरिंजर, फिलाडेला'. शहराचं नाव असं आखडून घेतलेलं, स्वतःचं पूर्ण. मला त्यात कारागिराचा अभिमान दिसतो.

हत्यार ठासणीचं. नळीत दारू आणि शिशाची गोळी ठासायची, स्फोटक टोपी चढवायची, घोडा ओढायचा. एक बार उडाला की संपलं, म्हणून लोक ती जोडीने घेत. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तशी तिकडे मागणी वाढली आणि पाठोपाठ नकला निघाल्या. नकलाकारांनी तर डेरिंजर आडनावाचा एक शिंपी गाठून त्याचं नाव वापरायची सोय केली!

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथने लिंकनच्या डोक्यात गोळी घातली, ती हेन्रीच्याच घडणीच्या पिस्तुलातून. लांबी जेमतेम सहा इंच. दुसरी गोळी नव्हती, म्हणून धावून आलेल्या मेजर रॅथबोनवर त्याने सुरा चालवला. पिस्तूल तिथेच पडलं. त्यानंतर डेरिंजर हे नाव सगळीकडे गेलं, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जास्तीचा 'आर' घेऊन, आणि कुठल्याही छोट्या पिस्तुलाला लागू लागलं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नकला विकणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्लेट नावाच्या व्यापाऱ्याविरुद्ध हेन्रीच्या बाजूने निकाल दिला: राज्याच्या कायद्याखाली नोंदणी नसली, तरी नावाच्या शिक्क्यावर हक्क त्याचाच. ऐंशीच्या घरात आलेला माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या नावासाठी भांडत होता. ही जिद्द मला फार मोलाची वाटते. १८६८ मध्ये तो गेला.

तोवर रेमिंग्टनचं काडतुसी पिस्तूल बाजारात आलं होतं, विल्यम एलियटच्या पेटंटचं, एकावर एक दोन नळ्यांचं. ते १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत राहिलं. आज 'डेरिंजर' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं. हेन्रीचा त्याला हातही लागलेला नव्हता.