गाडी फक्त एकतीस हजार चाललीय!

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गाडी फक्त एकतीस हजार चाललीय बरं का!" आणि ऐकणाऱ्याने मान डोलवायची असते. आमच्या अण्णांनीही डोलवली. सँट्रो झिंग, २०११ चं मॉडेल, एका निवृत्त मास्तरांची. चौदा वर्षांत एकतीस हजार म्हणजे दिवसाला सरासरी सहा किलोमीटर! मंडई, बँक आणि गुरुवारी दत्ताचं देऊळ. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये गाडी आमच्या अंगणात आली आणि आईने चाकाखाली लिंबू ठेवलं.

अण्णा एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. जन्मभर लोकांना घरी पोचवलं, स्वतःची गाडी ही पहिलीच. घ्यायचं कारणही तसंच होतं. ताई पुण्याला, सातवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरीच. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं होतं, पण सावकाश, थांबत थांबत. अण्णांचं एकच, "माझ्या लेकीला मी आणणार."

मी मेकॅनिकल, तिसरं वर्ष. घरच्यांच्या मते याचा अर्थ मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं येणारा माणूस. (वर्कशॉपच्या सरांनी हे वाचून हसू नये.) मी सर्व्हिस बुक चाळलं. ऑइल वेळेवर बदललेलं, फिल्टर वेळेवर, पण टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद कुठेच नाही. म्हणजे २०११ चा बेल्ट २०२५ सालीही तसाच आत! मी म्हटलं, "अण्णा, ताईला आणायच्या आधी हा बदलू."

"बेल्टच ना? एक जादा टाकू की डिकीत. तुटला तर बदलू रस्त्यात."

ते फॅन बेल्टबद्दल बोलत होते. त्यांचाही दोष नाही. एसटीच्या मोठ्या डिझेल इंजिनांत हे काम गिअर करतात. अठ्ठावीस वर्षांत त्यांना टायमिंग बेल्ट बघायची वेळच आली नव्हती.

आता जे सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाले इथवर वाचत आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक व्हायला पाहिजे. इंजिन ३००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. अशा बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह ज्या जागेत उतरतो, त्याच जागेत पिस्टन वर येतो. दोघांची टक्कर होत नाही ती फक्त वेळ पाळल्यामुळे, आणि ती वेळ सांभाळतो एक दातेरी रबरी पट्टा. तो तुटला की कॅम थांबतो, क्रँक मात्र वेगाच्या जोरावर फिरत राहतो आणि पिस्टन व्हॉल्व्हला वाकवतो. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला. डिकीतला जादा बेल्ट तिथे काय करणार?

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "पण चाललीय किती? एकतीस हजार! झिजंल कशानं?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. झिजला नसेलच. पण रबर नुसतं झिजत नाही, ते म्हातारंही होतं. इंजिनची उष्णता, हवा, सीलमधून पाझरणारं तेल, सगळ्यांनी ते खराब होतं. गाडी उभी राहिली म्हणून वर्षं थांबत नाहीत. म्हणून तर बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा देतात आणि जी आधी येईल ती धरायची असते. हे मी बोललो, पण पटलं ते वेगळ्याच कारणाने. गाडी घेतली त्याच दिवशी अण्णांनी टायरच्या कडेवरून नख फिरवलं होतं, बारीक भेगा बघितल्या होत्या आणि म्हणाले होते, "नक्षी नवी हाय, पण टायर घाटात न्यायचा नाय." चारही टायर त्यांनी स्वतःहून बदलले होते. मी एवढंच म्हटलं, "अण्णा, तेच रबर आत पण आहे."

अण्णा गप्प बसले. मग म्हणाले, "घाटात इंजिन बंद पडलं तर ब्रेकचं काय?" मी सांगितलं की ब्रेक असतो, पण व्हॅक्युम एकदोन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं लागतं. स्टिअरिंगही जड होतं. आणि शेजारच्या सीटवर ताई. हे शेवटचं मी बोललो नाही.

हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी सकाळी नऊला काम काढलं. पुढचं चाक उतरवलं. क्रँक पुलीचा बोल्ट काही केल्या सुटेना. शेवटी गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून अण्णा ब्रेक दाबून बसले आणि मिस्त्री लांब पाइप लावून पान्यावर लोंबकळले, तेव्हा कट्‌ आवाज झाला. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक, मग माउंटिंग, मग कव्हर. खुणा जुळवून बेल्ट बाहेर आला.

खरं सांगायचं तर वरून तो ठीकच दिसत होता. दात सगळे जागेवर. मिस्त्रींनी उलटा वाकवला तेव्हा दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसल्या. मी विचारलं, "किती दिवस गेला असता?" ते म्हणाले, "दोन वर्षं पण गेला असता, नायतर उद्या पण तुटला असता. इंजिनिअर, तुमच्या पुस्तकात असंल तर सांगा." पुस्तकात नाहीये.

बेल्टबरोबर टेन्शनर आणि कॅमचं ऑइल सीलही नवं घातलं. मजुरीसकट साडेचार हजार गेले. सुरू करण्याआधी क्रँक हाताने पुरे दोन फेरे फिरवून खुणा परत बघायच्या असतात. तो पाना अण्णांनी मिस्त्रींच्या हातातून घेतला आणि स्वतः फिरवला. कुठे अडकत नाही ना म्हणून कान इंजिनला लावून. मग सर्व्हिस बुकात लॉगशीट भरावी तशा अक्षरात तारीख, किलोमीटर आणि 'बेल्ट नवा' लिहिलं.

पुढच्या रविवारी आम्ही ताईला आणलं. खंबाटकी चढताना अण्णांनी रेडिओ बंद केला, काच खाली घेतली आणि वरपर्यंत इंजिनचा आवाज ऐकत राहिले. मागच्या सीटवर ताई झोपली होती. प्लॅस्टिक काढायला आईने अजून परवानगी दिलेली नाही.