मेडल कुणाचं, हिशोब कुणाचा



मेडल ही चैनीची गोष्ट आहे, असं आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. इथं अत्याचाराच्या केसी धूळ खात पडल्यात आणि तुम्ही एका पोरीच्या मेडलसाठी हायकोर्टात चाललात, असं मला तोंडावर विचारलं गेलं. प्रश्न खोटा नाही. म्हणून त्याचं उत्तर लिहून काढतोय.

मी शिकलेला माणूस नाही. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. तुटलेला धागा जोडायचा, हे माझं काम. कविता तिसऱ्या पाळीत सुचल्या, वाचायला वस्तीतल्या वाचनालयात शिकलो. कायदा मात्र मी या पोरीच्या कागदांवरून शिकलो. तेवढाच मला येतो, आणि तेवढाच सांगतो.

प्रकरण आधी सरळ मांडतो. पोरगी आमच्या वस्तीतली. बाप हातगाडी ओढतो, आई कांड्या भरते. पोरगी एम.ए. झाली. दोन हजार गुणांपैकी तिला पडले १४३१. विषयात पहिल्या येणाऱ्याला एक सुवर्णपदक असतं, कुणा दात्यानं ठेवलेलं. पहिल्या आलेल्या पोराला होते १४३५. चार गुणांचा फरक. पण एका पेपरात आपल्याला एवढे कमी कसे, हे तिला पटेना. तिनं मुदतीत गुणपडताळणीचा अर्ज केला. उत्तरपत्रिका काढली तर काय, एक पुरवणी बेरजेत धरलीच नव्हती. त्या पुरवणीवर लाल शाईत अकरा गुण दिलेले. म्हंजे १४४२. चार गुणांनी मागं असलेली पोरगी सात गुणांनी पुढं गेली. विद्यापीठानं तिला दुरुस्त गुणपत्रिका दिली, शिक्का मारून, सही करून.

आणि पुढच्या महिन्यात दीक्षांत समारंभात मेडल दिलं त्या पोराला!

कारण मेडलची यादी जुन्या रजिस्टरावरून आधीच तयार झाली होती. दुरुस्ती एका टेबलावर झाली, यादी दुसऱ्या टेबलावर. दोन टेबलांमधलं अंतर दहा पावलं. तेवढं कुणी चाललं नाही. ती अर्ज घेऊन गेली तेव्हा उत्तर आलं, पदक एकदा प्रदान झालं की त्यात बदल करता येत नाही.

आता बघा. साधी पोरगी असती तर रडून घरी आली असती. हिनं एकच प्रश्न विचारला. असं कुठल्या नियमात लिहिलंय?

हा प्रश्न लक्षात ठेवा, दोस्तांनो. आपल्या लोकांना हजारो वर्षं नियम तोंडी सांगितले गेले. 'असंच असतं', 'पहिल्यापासून चालत आलंय', 'तुमच्यासाठी नाही'. महाडच्या चवदार तळ्याची केस आठवा. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी पाणी उचललं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले, मनाई आणली. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. कशामुळं? तळ्यावर अस्पृश्यांना मनाई ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असं समोरच्यांचं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं, सिद्ध करा. त्यांना सिद्ध करता आली नाही. रूढी दाखवा म्हटलं की रूढीचे पाय लटपटतात.

तसंच इथं झालं. पोरीनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा. मागितलं काय? दात्याचं दानपत्र, पदकाचे नियम, आणि 'प्रदान झाल्यावर बदल नाही' असा ठराव असेल तर त्याची प्रत. तीस दिवसांत उत्तर नाही. तिनं पहिलं अपील केलं. तेव्हा कागद आले. दानपत्र एक पान. त्यात लिहिलेलं, अंतिम निकालात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास. बास. यादीच्या तारखेचा शब्द नाही. आणि तो ठराव? 'अभिलेखात आढळून येत नाही.' म्हंजे नियम नव्हताच. टेबलामागच्या माणसाचं तोंड हाच नियम होता.

मेडलच्या अटी म्हणजे काही वेदवाक्य नव्हे, हे महाराष्ट्रानं २०१७ सालीच बघितलंय. पुण्याच्या विद्यापीठाचं परिपत्रक निघालं. एका सुवर्णपदकासाठी विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी हवा! विद्यापीठाला नाव सावित्रीबाई फुल्यांचं, आणि पदकाची अट ताटात काय वाढलंय ते बघणारी. विद्यापीठ म्हणालं, अट दात्याची आहे. पण ओरड झाली, पोरं उठली, आणि ते पदक थांबवावं लागलं. दात्याचा पैसा असेल, पण शिक्का विद्यापीठाचा आहे. आणि विद्यापीठ जनतेचं आहे.

आता कोर्टाचं. कोर्टाबद्दल आपल्यात दोन टोकं आहेत. एक म्हणतो, कोर्ट बामणांचं, तिथं काय मिळणार. दुसरा म्हणतो, बाबासाहेबांची घटना आहे, गेलं की मिळणारच. दोन्ही खोटं. इतिहास बघा.

आपली तपासलेली उत्तरपत्रिका आपल्याला बघता यावी, म्हणून महाराष्ट्रातली पोरं बोर्डाविरुद्ध भांडली. मुंबई हायकोर्टानं १९८० साली पोरांचं ऐकलं. १९८४ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. पोरांना तपासायचा हक्क नाही, म्हणाले. मग मधे माहितीचा अधिकार कायदा आला, २००५ साली. आणि ९ ऑगस्ट २०११ ला त्याच सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे, ती परीक्षार्थीला मिळाली पाहिजे. सत्तावीस वर्षं लागली. हरलेली पोरं तोवर बापे झाली असतील. पण आज आपली पोरगी स्वतःची उत्तरपत्रिका हातात धरते, ती त्यांच्या भांडणावर उभी राहून.

दुसरी गोष्ट. १९८५ च्या ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाची एम.डी.ची परीक्षा झाली. परीक्षेला मुख्यमंत्र्यांची मुलगी बसलेली. तिचे गुण वाढवले, असा आरोप घेऊन त्याच परीक्षेला बसलेला एक डॉक्टर हायकोर्टात गेला. एक विद्यार्थी एका बाजूला, आख्खं सरकार दुसऱ्या बाजूला. एकल न्यायमूर्तींनी ठपका ठेवला, आणि १९८६ च्या मार्चमध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं. मुख्यमंत्र्यांचा स्वतःचा हात होता की नाही, यावर पुढं अपिलात मत वेगळं पडलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पण गुणपत्रकावरची खाडाखोड काय करू शकते, ते सगळ्यांनी पाहिलं.

आता अवघड गोष्टीकडं येतो. याचिका लिहायची वेळ आली तेव्हा आपल्यातच वाद पेटला. दोघंतिघं म्हणाले, जात लिहा. आपली पोरगी म्हणूनच डावललं, असं ठणकावून लिहा. वकीलसाहेबांनी विचारलं, पुरावा? पुरवणी सोडणाऱ्या परीक्षकाला नाव दिसत नव्हतं, बैठक क्रमांक दिसत होता. यादी करणाऱ्या कारकुनानं तिचा अर्ज पाहिलाच नव्हता. पोरगी म्हणाली, "दादा, मला जे माहीत नाही ते मी शपथेवर लिहिणार नाही." काही जण रागावून उठून गेले.

मला ती बरोबर वाटते. जात नाही असं मी म्हणत नाही. मेडल मिळालेल्या पोराचा बाप चांगल्या ओळखीचा असता तर त्या दहा पावलांत कुणीतरी धावला असता, हे मला माहीत आहे. हिच्यासाठी धावणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं, हेही माहीत आहे. पण हे कवितेत लिहायचं, लेखात लिहायचं, सभेत बोलायचं. शपथपत्रात अकरा गुण लिहायचे. महाडला जे जिंकलो ते समोरच्याला सिद्ध करता आलं नाही म्हणून. आपण तरी सिद्ध न होणारं घेऊन का जावं?

आणि तो पोरगा. त्याला प्रतिवादी करावंच लागतं, नाहीतर कोर्ट म्हणतं, ज्याचं जाणार त्याला न ऐकता आम्ही कसा निकाल द्यायचा. नोटीस गेली तसा त्याचा फोन आला. ऊसतोड करणाऱ्या घरचा. "ताई, यात माझं काय चुकलं?" ही म्हणाली, काहीच नाही. म्हणून तिच्या मागणीत त्याचं मेडल हिसकावून घ्या असं नाही. हक्क माझा होता हे जाहीर करा, मला मेडल द्या, आणि विभागातल्या फळ्यावर त्या सालापुढं माझं नाव लिहा, एवढंच आहे. काहींना हे मऊ वाटलं. मला नाही वाटत. दोन गरिबांना एका मेडलवर झुंजवून टेबलामागचा माणूस सुपारी कातरत बसतो, ते तरी यातनं टळलं.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. अत्याचाराची केस आणि मेडलची केस यात वकिलाचा एकच तास असेल, तर तो तास अत्याचाराच्या केसला द्या. मीही देईन. पण इथं वर्गणी लागली नाही. विधी सेवा कायदा, १९८७ चा, कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कुठलीही बाई, कारखान्यातला कामगार, यांना मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. आपल्यातल्या कितीजणांना हे ठाऊक आहे? शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांसाठी, त्यात आमचा एक. आधी तारखेला मुंबई म्हणजे दोन पाळ्या बुडत. आता पहाटेची एस.टी. धरायची.

आणि दुसरं. राखीव जागेचं नाव निघालं की हेच लोक आपल्याला गुणवत्ता शिकवतात. गुणांवर या, म्हणतात. आली की पोरगी गुणांवर! सात गुणांनी पुढं आली. आता म्हणतात, यादी झाली. मग गुणवत्तेची बेरीज तरी नीट करा! हे भांडण आपण सोडलं तर उद्या कुठल्या तोंडानं त्यांना गप्प करणार?

बाबासाहेबांच्या लंडनच्या प्रबंधावर परीक्षकांनी हरकत घेतली, पुन्हा लिहून आणा म्हणाले. खिशात पैसा नव्हता, मुंबईला परतावं लागलं. इथून लिहून पाठवला, आणि १९२३ साली डी.एस्सी. घेतली. पदव्या मिरवायला त्यांनी घेतल्या नाहीत. पण हक्काची एकही सोडली नाही.

याचिका दाखल आहे. विद्यापीठाचं उत्तर आलंय, सुनावणी बाकी आहे. काय होईल ते मी सांगू शकत नाही. तोवर तुम्ही एवढं करा. आपल्या पोरांना निकालाच्या दिवशी पेढ्याआधी बेरीज करायला शिकवा. पडताळणीची मुदत भिंतीवर लिहा. तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा, आवक क्रमांक घ्या. उशीर करू नका, उशिरा गेलेल्याला कोर्ट दारातूनच परत पाठवतं. आणि कुणी म्हणालं की असा नियम आहे, तर सरळ विचारा, कुठं लिहिलाय ते दाखवा.

जयभीम.