किलोवर दिलेल्या रेकॉर्डी

मी बी.एड. करत होतो तेव्हा आम्ही घाटकोपरची खोली सोडून मुलुंडला आलो. सामान कमी करायचं म्हणून अब्बांच्या रेकॉर्डी मी भंगारवाल्याला किलोवर दिल्या. वर त्यांनाच ऐकवलं, "हा इंग्रजी बाजा आता कोण ऐकतं?" अब्बा काही बोलले नाहीत.

ते तलत महमूदचे चाहते. 'छाया' (१९६१) मधलं तलत-लताचं द्वंद्वगीत रेडिओवर लागलं की म्हणायचे, "ये धुन बहुत दूर से आई है, बेटा." कुठून, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आठवीला परभाषांतून मराठीत आलेले शब्द शिकवताना ते वाक्य आठवलं. घरी येऊन शोधलं. सलील चौधरींनी ती चाल मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून बांधली होती. सिंफनी १७८८ची, व्हिएन्नातली. ब्रूनो वॉल्टर यांचं १९५०च्या दशकातलं ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावलं. सुरुवातीलाच व्हायोलिनवर तीच चाल आली. राजेंद्र कृष्ण यांचे शब्द नव्हते, तरी मला तलतच ऐकू येत होते.

मग आठवलं. त्या गठ्ठ्यात पांढऱ्या केसांचा टोप घातलेल्या माणसाचं चित्र असलेलं एक कव्हर होतं. सुतळी मीच बांधली होती.

अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. 'दरवाजा' फारसीतून आला आणि मराठीच झाला, असं मी वर्गात दरवर्षी सांगतो. आमच्या घरी असाच दुरून आलेला पाहुणा राहत होता. अब्बांनी त्याला ओळखलं होतं. मी किंमत केली ती वजनावर.